करत नाही की करवत नाही? घरातल्या आजीची फ्रेल्टी तपासताना काय आधी, काय नंतर

मी फिजिओथेरपिस्ट आहे, होम व्हिजिट करते, आणि महिन्यातून दोन-तीन वेळा तरी कोणीतरी व्हॉट्सअॅपवर कागदाचा फोटो पाठवतं, "आईची टेस्ट केली घरी, फ्रेल आलीये, आता काय?" आणि कागद बघितला की लक्षात येतं की टेस्ट तापातून उठल्याच्या तिसऱ्या दिवशी केली, सोफ्यावर बसवून केली, आणि प्रश्नांची उत्तरं मुलाने दिली. उलटंही होतं, सगळे गुण शून्य, आजी ठणठणीत, आणि प्रत्यक्षात ती गेले सहा महिने भिंत धरून बाथरूमला जातेय. म्हणून एकदा सगळं क्रमाने लिहून काढते.

फ्रेल्टी म्हणजे नुसतं वय नाही, बारीक असणं नाही आणि एखादा आजार पण नाही. शरीराची शिल्लक संपत आलेली असते, त्यामुळे साधा जुलाब किंवा लघवीचं इन्फेक्शन झालं तरी माणूस खाली बसतं आणि पूर्वीसारखं उठत नाही. जाड आजी पण फ्रेल असते आणि पंचेचाळीस किलोची काटक आजी नसते.

## तयारी: दिवस, माणसं, सामान

दिवस असा निवडा की उपास नाही, घरी पाहुणे नाहीत, आणि रात्री झोप बरी झालेली आहे. एकादशीच्या संध्याकाळी घेतलेली टेस्ट ही उपासाची टेस्ट असते. सकाळी चहा-नाश्ता होऊन तासभर गेल्यावर सगळ्यात बरं. चष्मा लावलेला, कानाचं मशीन असेल तर ते चालू, लघवीला जाऊन आलेली.

सामान फार लागत नाही. वजनकाटा, न ताणणारी टेप (शिंप्याची चालते, फक्त जुनी ताणलेली नको), मोबाईलचं स्टॉपवॉच, जमिनीवर लावायला चिकटपट्टी, बीपीचं मशीन, आणि एक सरळ पाठीची, हात नसलेली, साधारण 43 ते 46 सेंटीमीटर उंच खुर्ची. प्लास्टिकची नको, मागे सरकते.

आता माणसं. प्रश्न विचारताना आजी एकटी पाहिजे, निदान अर्धा वेळ तरी. सून समोर असली की आजी म्हणणार "सगळं छान आहे हो, काही त्रास नाही", आणि मुलगा समोर असला की मुलगाच बोलणार. लघवी सुटते, जेवण जात नाही, मरणाचे विचार येतात, यातलं काहीच ती चार लोकांत सांगणार नाही. नंतर घरच्यांना वेगळं विचारा. दोन उत्तरं जुळली नाहीत तर दोन्ही लिहा, आपण न्यायाधीश बनायचं नाही.

चालणं आणि उठणं तपासताना मात्र दुसरं माणूस हवंच, धरायला.

## टप्पा 1: आज टेस्ट करायची का नाही, हे आधी ठरवा

ताप, जुलाब, खोकला, नुकतंच हॉस्पिटलमधून घरी आलेली, नुकतंच ऑपरेशन, नवीन झोपेची गोळी चालू झालेली, यातलं काही असेल तर टेस्ट आज नाही. दोन-तीन आठवडे जाऊ द्या. आजारपणात कोणीही फ्रेल दिसतं.

मग बीपी घ्या. पाच मिनिटं आडवं झोपवून एकदा, उभं केल्यावर एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी परत. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने पडला तर चालण्याची टेस्ट त्या दिवशी सोडा आणि डॉक्टरांना हे आकडे दाखवा. बऱ्याचदा बीपीच्या किंवा लघवीच्या गोळीमुळे होतं, आणि घरचे "अशक्तपणामुळे चक्कर" म्हणून सलाईन लावायला नेत असतात.

थांबा: अचानक बरळायला लागली, एकदम चालणं बंद झालं, पडल्यापासून मांडीत-कंबरेत दुखतंय, छातीत दुखतंय, शौचातून रक्त जातंय, तर हा लेख बाजूला ठेवा आणि आजच डॉक्टरकडे न्या.

## टप्पा 2: तिचा दिवस ऐकून घ्या

हा टप्पा सगळे गाळतात आणि माझ्या मते निम्मी टेस्ट इथेच होते. "कशा आहात" विचारायचं नाही. "आजी, काल सकाळी उठल्यापासून काय काय केलंत ते सांगा" असं विचारायचं आणि गप्प बसायचं. पाणी कोणी भरलं, आंघोळीचं पाणी कोणी काढून दिलं, केस कोणी विंचरले, भाजी निवडली का, देवपूजा उभ्याने केली का बसून, देवळात गेल्या होत्या का, भजनाला जाणं कधी बंद झालं.

प्रत्येक बंद झालेल्या कामापुढे एक गोष्ट लिहायची: करत नाही, करवत नाही, की करू देत नाहीत. या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि घरात त्या एकच समजल्या जातात. एक आजी होत्या, ऐंशीच्या आसपासच्या, घरच्यांनी लिहून दिलेलं की स्वयंपाक पूर्ण बंद. विचारलं तर म्हणाल्या, "सूनबाईनं गॅसला हात लावू द्यायचं सोडलंय, एकदा दूध उतू गेलं म्हणून." उभं राहून वीस मिनिटं पोळ्या लाटायची ताकद होती त्यांच्यात. उलट दुसऱ्या एका घरात "आई सगळं करते" म्हणाले आणि आई प्रत्येक कामाच्या मध्ये पाच मिनिटं कॉटवर पडत होती, कोणी बघितलंच नव्हतं.

दुसरी चूक पैशांच्या व्यवहाराची. क्लिनिकल फ्रेल्टी स्केल नावाची 1 ते 9 पायऱ्यांची पद्धत आहे, डॉक्टर लोक बरीच वापरतात, त्यात पाचव्या पायरीला पैसे सांभाळणं, प्रवास, जड घरकाम, औषधं यात मदत लागते का हे बघतात. आता आपल्याकडची आजी जन्मात बँकेत एकटी गेलेली नाही, सगळं आजोबांनी केलं, ते गेल्यावर मुलाने केलं. तिला तिथे "मदत लागते" लिहून वरच्या पायरीवर चढवायचं का? अजिबात नाही. आधी करत होती आणि आता सुटलं, तेवढंच मोजायचं. तुलना शेजारच्या काकूंशी नाही, तिच्याच मागच्या वर्षाशी. आणि नुकतं आजारपण झालं असेल तर त्याच्या दोन आठवडे आधी ती कशी होती ते धरायचं, आज पलंगावर कशी दिसते ते नाही.

लघवीचा प्रश्न एकटीत नक्की विचारा. खोकताना-शिंकताना लघवी सुटते म्हणून बाहेर जाणं बंद, पाणी पिणं कमी, रात्री चार वेळा उठणं, त्यातून झोप नाही आणि दिवसभर थकवा. वरून फ्रेल्टीसारखंच दिसतं आणि उपाय वेगळाच असतो.

## टप्पा 3: पाच प्रश्न

घरी करायला सगळ्यात सोपं हे. फ्रेल स्केल म्हणतात, प्रत्येकाला शून्य किंवा एक.

1. थकवा. गेल्या चार आठवड्यांत बहुतेक वेळ किंवा सतत दमल्यासारखं वाटलं का? हो असेल तर 1. "कधी कधी" म्हणजे 0.
2. जिना. मध्ये न थांबता, काठी किंवा कोणाचा हात न घेता दहा पायऱ्या चढायला जड जातं का? इथे घरचे म्हणतात "आमच्याकडे लिफ्ट आहे". मग एकदा बघा, दुसऱ्या माणसाला मागे उभं करून.
3. चालणं. एकटीने, आधाराशिवाय काहीशे मीटर चालायला अवघड जातं का? मीटर-बिटर सांगू नका, "कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत" असं ठिकाण सांगा.
4. आजार. या अकरापैकी पाच किंवा जास्त आहेत का: बीपी, शुगर, कॅन्सर, फुफ्फुसाचा जुना आजार, हार्ट अटॅक येऊन गेलेला, हार्ट फेल्युअर, अंजायना (हृदयामुळे छातीत दुखणं), दमा, संधिवात, पक्षाघात, किडनीचा आजार. पाचच्या खाली 0.
5. वजन. वर्षभरात 5 टक्के किंवा जास्त उतरलं का?

बेरीज 3 ते 5 आली तर फ्रेल, 1-2 म्हणजे उंबरठ्यावर, 0 म्हणजे ठीक.

चौथ्या प्रश्नात दोन चुका हमखास. एक, गोळ्या मोजतात. बीपीच्या तीन गोळ्या म्हणजे तीन आजार नव्हेत. मोतीबिंदू, थायरॉईड, अॅसिडिटी त्या यादीत नाहीत. दोन, संधिवात मोजतच नाहीत, "गुडघे तर सगळ्यांचेच दुखतात" म्हणून.

## टप्पा 4: वजन आणि पोटरी

आजचं वजन सोपं, वर्षापूर्वीचं कुठून आणायचं? जुन्या फाईली काढा, मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा कागद, शुगरच्या डॉक्टरांची चिठ्ठी, कुठेतरी वजन लिहिलेलं असतं. 48 किलोच्या बाईचे 5 टक्के म्हणजे 2.4 किलो, म्हणजे घरच्यांच्या नजरेत पण येत नाही. कागद नसेल तर अंगावरच्या वस्तूंना विचारा: बांगड्या हातातून निसटतात का, ब्लाऊजला टिपा मारल्या का, कवळी सैल झाली का. मी "ब्लाऊज कधी आत घेतला" हे विचारते आणि उत्तर अगदी सणासकट मिळतं, "गौरीच्या वेळेला".

नऊवारी नेसून एकदा आणि गाऊनवर एकदा असं वजन करू नका, दोन्ही वेळेला कपडे सारखेच. पायाला सूज असेल तर वजन खोटं बोलतं, अंगठ्याने दाबून खड्डा राहतो का बघा.

उपासांचं काय? डॉक्टरांनी सांगून, ठरवून वजन कमी केलं असेल तर धरायचं नाही. पण चातुर्मासातलं एकभुक्त हे वजन कमी करायला केलेलं नसतं, आणि कित्येकदा भूकच लागत नाही म्हणून उपास वाढलेले असतात. असं घटलेलं वजन मी मोजते आणि शेजारी कारण लिहिते.

पोटरी मोजायची तर खुर्चीवर बसवून, पाय जमिनीला टेकलेले, सगळ्यात जाड जागी, टेप घट्ट न आवळता. आशियाई लोकांसाठी 2019 मध्ये ठरलेल्या निकषांत बायकांसाठी 33 सेंटीमीटरच्या खाली म्हणजे स्नायू घटल्याची शंका. हा फ्रेल्टीचा गुण नाही, कागदावर वेगळा लिहा.

## टप्पा 5: चालण्याचा वेग

15 फूट मोजायचे. घरात दोन बाय दोनच्या फरश्या असतील तर साडेसात फरश्या झाल्या, दोन्ही टोकाला चिकटपट्टी. शेवटच्या पट्टीच्या पुढे अजून तीन-चार फूट मोकळे ठेवा, नाहीतर भिंत दिसली की आजी आधीच ब्रेक लावते.

रोजच्या चपला किंवा अनवाणी, मोजे घालून गुळगुळीत फरशीवर नाही. साडीच्या निऱ्या थोड्या वर खोचून घ्या. काठी रोज वापरत असेल तर काठी घेऊनच, आणि तसं लिहा.

सांगायचं एवढंच: "आजी, देवळात निघाल्यासारख्या नेहमीच्या चालीने त्या पट्टीच्या पुढे जा." पहिलं पाऊल हललं की घड्याळ चालू, पाय पट्टीपलीकडे पडला की बंद. दोनदा घ्या, कमी वेळ धरा.

मी केलेली चूक: शिकत असताना मी म्हणायचे, "चला आजी, बघू किती जोरात चालता!" त्या बिचाऱ्या पदर खोचून शर्यत लावायच्या आणि माझा कागद एकदम सुंदर यायचा. वेग नेहमीचा हवा. आणि बरोबरीने चालू नका, तुमच्या पावलांना पाऊल जुळवतात. अर्धं पाऊल मागे, हात तयार ठेवून. गप्पा मारत चालवणं पण नाही.

उंची 159 सेंटीमीटर किंवा कमी असेल तर 7 सेकंद किंवा जास्त लागले की हळू. त्याहून उंच असेल तर 6 सेकंद. आपल्याकडच्या बहुतेक आज्या पहिल्या गटात. पाठीला बाक आला असेल तर उंची कमी भरते, पण इथे त्याने फार बिघडत नाही.

## टप्पा 6: खुर्चीवरून पाच वेळा

खुर्ची भिंतीला टेकवून. दोन्ही हात छातीवर घडी. आधी एकदाच उठून दाखवायला सांगा. हात टेकल्याशिवाय उठताच आलं नाही तर तिथेच थांबा, "जमलं नाही" लिहा, तोच निकाल. जमलं तर पाच वेळा, आणि इथे मात्र जमेल तितक्या लवकर. चालताना नेहमीचा वेग, उठताना घाईचा, लोक नेमकं उलटं करतात. बसलेल्या अवस्थेत घड्याळ चालू, पाचव्यांदा पूर्ण उभी राहिली की बंद. मोठ्याने आकडे मोजा, नाहीतर सहाव्यांदा पण उठतील.

12 सेकंद किंवा जास्त लागले तर पायांत ताकद कमी. गुडघे दुखून थांबल्या का दम लागून थांबल्या, हे विचारून लिहा. सोफा आणि कॉट वापरू नका, सोफ्यातून मला पण उठायला वेळ लागतो.

जमिनीवरून उठताना कशाचा आधार घेतात ते पण एक ओळ लिहून ठेवा. गुणात येत नाही, पण आपल्या घरात आयुष्य जमिनीवर चालतं, आणि "पाटावर बसणं कधी सोडलं" याचं उत्तर डॉक्टरांना बरंच काही सांगतं.

## टप्पा 7: हाताची पकड

याला डायनामोमीटर, म्हणजे पकडीचा जोर किलोत मोजणारं यंत्र लागतं, ते घरी नसतं, फिजिओकडे मिळेल. बसवून, कोपर नव्वद अंशात अंगाला लागून, तीन वेळा, मध्ये थोडी विश्रांती. हँडल हाताच्या मापाचं लावा, लहान हाताला मोठं हँडल दिलं की आकडा पडतो. अंगठ्या काढायला सांगा, टोचतात म्हणून दाबत नाहीत.

लिंडा फ्रीड या अमेरिकन डॉक्टरांच्या 2001 सालच्या फ्रेल्टीच्या मूळ निकषात बारीक बांध्याच्या, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 23 पर्यंतच्या बायकांसाठी 17 किलो किंवा कमी म्हणजे पकड कमी. वजनदार बायकांसाठी ही रेषा वर जाते, बीएमआय 29 च्या पुढे 21 पर्यंत. हे आकडे अमेरिकेतल्या वृद्धांवरून काढलेत. आपल्याकडच्या लहान चणीच्या आजीची एकटी पकड कमी आली आणि बाकी सगळं ठीक असेल तर घाबरून जाऊ नका.

यंत्र नसेल तर "माझा हात दाबा" करून आकडा ठोकू नका. बरणीचं झाकण उघडतं का, ओला टॉवेल पिळता येतो का, एवढं लिहा आणि पकडीचा रकाना रिकामा ठेवा.

## टप्पा 8: गुण मांडणं

फ्रीडच्या पद्धतीत पाच गोष्टी: न ठरवता घटलेलं वजन (वर्षात साडेचार किलो किंवा 5 टक्के), थकवा, कमी हालचाल, हळू चाल, कमी पकड. तीन किंवा जास्त म्हणजे फ्रेल, एक-दोन म्हणजे उंबरठ्यावर. थकवा विचारताना "आठवड्यातून तीन किंवा जास्त दिवस प्रत्येक गोष्ट ओढूनताणून करावी लागली का" असं विचारायचं. हालचालीसाठी मूळ प्रश्नावलीत गोल्फ, बोलिंग आणि लॉन कापणं आहे, ते आपल्या आजीला विचारून तुम्हीच हसाल. त्याऐवजी टप्पा 2 मधली यादी वापरा, पण "अंदाजाने" असं लिहून.

आता चुका:

दोन तराजू एकत्र करू नका. फ्रेल स्केलचे दोन आणि फ्रीडचा एक असे मिळून तीन होत नाहीत. एक पद्धत धरा, तिचेच पाच. दुसरी करायची तर वेगळ्या कागदावर.

रिकामं आणि जमलं नाही यात फरक आहे. ताकद नाही म्हणून चालता आलं नाही तर ते हळू चालीत मोजायचं. यंत्र नव्हतं म्हणून पकड घेतली नाही तर ते शून्य नाही, "घेतलं नाही" आहे.

पक्षाघात किंवा पार्किन्सन असेल तर या आकड्यांवर विसंबू नका, फ्रीड यांनी स्वतःच्या अभ्यासातून असे लोक वगळलेच होते. नवीन गुडघे बसवलेल्या बाईची चाल हळू असते ती गुडघ्यामुळे.

विसराळूपणा असेल तर पाच प्रश्नांची उत्तरं कामाची नाहीत, रोज बरोबर राहणाऱ्या माणसाला विचारा.

## टप्पा 9: मागे काय दडलंय ते शोधा

गुण आले की लोक थांबतात, प्रोटीन पावडरचा डबा आणतात. आधी डॉक्टरांकडे कागद घेऊन जा आणि या गोष्टी बघायला सांगा: हिमोग्लोबिन (बायकांत 12 च्या खाली म्हणजे अॅनिमिया), बी12, थायरॉईड, शुगर, किडनी, व्हिटॅमिन डी. वजन भराभर उतरत असेल तर टीबी आणि कॅन्सर आधी नाकारायला हवेत. सगळ्या गोळ्या पिशवीत भरून न्या, मेडिकलमधून स्वतः आणलेल्या दुखण्याच्या, झोपेच्या आणि आयुर्वेदिक पण. पाचच्या वर गोळ्या असतील तर यातली कुठली बंद करता येईल, हे स्पष्ट विचारा.

तोंड उघडून दात बघा. दात नाहीत म्हणून आमटीभातावर राहिलेली आजी वर्षात झिजते आणि घरचे म्हणतात "वयच झालं".

मन पण बघा. नवरा गेल्यानंतरच्या वर्षात वजन, झोप, बाहेर जाणं, सगळं एकदम घसरतं आणि कागदावर ती हुबेहूब फ्रेल दिसते. "जेवणात, देवात, नातवंडांत मन लागतं का" एवढं एकटीत विचारलं तरी कळतं.

आणि पडण्याचा इतिहास: वर्षात किती वेळा, कुठे, पडल्यावर स्वतः उठता आलं का. पाळी गेल्यानंतर हाडं वेगाने ठिसूळ होतात, म्हणून फ्रेल आणि पडलेली अशा आजीची हाडांची घनता तपासायला हवी.

उंबरठ्यावरची आजी परत मागे येऊ शकते, पाय-कंबरेचे ताकदीचे व्यायाम आणि पोटभर प्रथिनं मिळाली तर. वृद्धांना दर किलो वजनामागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं सांगतात, 48 किलोला साधारण 48-58 ग्रॅम, आणि दोन वेळच्या वाटीभर पातळ वरणात ती बसत नाहीत. किडनीचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नका. व्यायामाची सुरुवात त्याच खुर्चीवरून उठबस करण्यापासून होते, पण किती आणि कसं ते समोर बघून ठरवावं लागतं, ते फोनवर मी सांगत नाही.

## परत कधी

तीन महिन्यांनी, आणि मध्ये हॉस्पिटलवारी झाली तर त्यातून सावरल्यावर. तीच खुर्ची, त्याच फरश्या, त्याच चपला, सकाळची तीच वेळ. म्हणून पहिल्याच दिवशी कागदाच्या मागे हे सगळं लिहा: हॉलमधली लाकडी खुर्ची, खिडकीकडून दाराकडे साडेसात फरश्या, काठीशिवाय, निळी चप्पल. खुर्ची बदलली तर सेकंद बदलतात आणि मग आजी सुधारली का खुर्ची उंच झाली हे कोणालाच सांगता येत नाही.